अट काय ते सांगा

सरकारी नोकरीत सतरा वर्षं मी एकच काम केलं. समोर आलेला माणूस खरोखर गरीब आहे का, ते तपासलं. अंधेरीच्या बाजूच्या एका कार्यालयात निराधार अनुदानाचं टेबल माझ्याकडे होतं. विधवा, अपंग, नवऱ्याने टाकलेल्या बायका, एकटी म्हातारी माणसं यांना सरकार महिन्याला थोडे पैसे देतं. थोडे म्हणजे एका माणसाची डाळ-भाजी निघते, तेल निघत नाही. तेवढ्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, वयाचा दाखला आणि रेशनकार्ड आणावं लागतं. मग मी किंवा माझ्यासारखं कुणीतरी त्यांच्या घरी जाऊन बघून येतं. त्याला आमच्याकडे गृहभेट म्हणतात. नाव असं की वाटावं, पेढे घेऊन जातो.

गृहभेटीला गेलं की माझी नजर आधी छताकडे जायची. पंखा आहे का? मग कोपऱ्यात. टीव्ही, फ्रिज, मिक्सर? लोकांना हे माहीत असायचं. जोगेश्वरीच्या एका चाळीत गेले तेव्हा अर्जदाराच्या घरात टीव्ही नव्हता, पण शेजारणीने पाणी प्यायला बोलावलं, तर तिच्याकडे दोन होते, एकावर एक ठेवलेले. वरच्याला वाघाचं स्टिकर. दोन महिन्यांनी त्याच शेजारणीच्या सासूचा अर्ज आला. गेले, तर तिचं घर स्वच्छ मोकळं, आणि वाघ पहिल्या घरात आपल्या जोडीदारासकट विराजमान. मी दोन्ही अहवालांत ‘दूरचित्रवाणी संच आढळला नाही’ असं लिहिलं. खोटं काय होतं त्यात? मी गेले त्या वेळी त्या घरात नव्हताच.

दुसरी एक बाई होती, नवऱ्याने टाकलेली. टाकल्याचा पुरावा आण, म्हटलं. आता टाकल्याची पावती कोण देतं? आठवड्याने ती नवऱ्यालाच घेऊन आली. तो दोन गल्ल्या सोडून दुसरीबरोबर राहत होता. केस विंचरलेले, शर्ट खोचलेला. म्हणाला, “मॅडम, मीच सोडलंय हिला. बोला, कुठे सही करू?” मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, “नवरा हजर असेल तर ती परित्यक्ता कशी?” मी बाहेर येऊन त्याला सांगितलं, तुम्ही आलात म्हणून अडचण झाली. तो खजील झाला. “बघ ना,” बायकोला म्हणाला, “आयुष्यात एकदा तुझ्या कामाला आलो, तर वाट लागली.” शेवटी तो जिन्याखाली थांबला आणि त्याचं लेखी निवेदन शिपायाने वर आणलं. मंजूर झालं.

असं सगळं मी हसत सांगते. पण हसून सांगण्यासारखं नसलेलंही आहे, ते पुढे येईल.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना साहेबांनी मला बोलावलं आणि एका प्रयोगावर पाठवलं. एक संस्था, सोबत सरकार. अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या गावठाणातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला वर्षभर दरमहा दोन हजार रुपये द्यायचे. श्रीमंत, गरीब, बाई, पुरुष, काम करणारा, लोळणारा, सगळ्यांना सारखे. लोक त्याचं काय करतात ते बघायचं, आणि उद्या अख्ख्या देशाला असं देता येईल का याचा विचार मोठ्या लोकांनी करायचा. याला सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणतात हे मला केतकीने सांगितलं. केतकी संस्थेची मुख्य, वय तिशीच्या आत, पाठीला सॅक. मला ताई म्हणायची.

पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, “काय काय तपासायचं?”

“काहीच नाही, ताई. नाव आणि बँक खातं.”

“आणि उत्पन्न?”

“नाही विचारायचं.”

“घर बघायला जायचं ना?”

“नाही.”

“मग माझं काम काय?”

“लोकांना सांगायचं की काही अट नाही.”

मला वाटलं, सोपं आहे. सतरा वर्षांत इतकं अवघड काम मी केलं नव्हतं.

गावठाणाच्या सभागृहात आम्ही टेबल मांडलं. बाहेर फलक: पैसे मिळतील, अट नाही. तीन दिवस एकही माणूस आला नाही. दारातून डोकावायचे, फलक वाचायचे, जायचे. चौथ्या दिवशी कळलं की गावठाणात दोन मतप्रवाह आहेत. एक म्हणतो, बिल्डर आहे, सह्या घेऊन जमीन खाणार. दुसरा म्हणतो, किडनी. किडनीवाल्यांचं म्हणणं जास्त मुद्देसूद होतं. खात्यात पैसे टाकायचे, वर्षभर माणूस खाऊन-पिऊन धडधाकट झाला की उचलायचा.

पाचव्या दिवशी केतकी चहा आणायला गेली असताना एक माणूस आत आला. “अट काय ते सांगा,” म्हणाला.

मला राहवलं नाही. म्हटलं, “दोन फोटो, आधारची झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि साध्या कागदावर अर्ज. एकच्या आत.”

त्याचा चेहरा उजळला. “असं सांगा ना मग!”

केतकी चहा घेऊन आली तोवर रांग दाराबाहेर गेली होती. तिने मला बाजूला घेतलं. “ताई, हे कागद कशाला?”

“आपल्याला नको आहेत. त्यांना हवे आहेत.”

“पण प्रयोगच हा आहे की काही मागायचं नाही!”

“मग प्रयोगाला माणसं कुठून आणणार?”

आम्ही कागद घेत राहिलो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने दोन दिवसांत एक रुपयाचे दोन केले. एकाने वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडला, असू दे म्हणाला. एका निवृत्त मास्तरांनी शंभरदा विचारलं, अट नाही ती नाहीच ना? नंतर उपटणार नाही ना? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं. मग ते म्हणाले, मीही लिहून देतो. आणि त्यांनी खरोखर स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून आणलं: ‘मला कोणतीही अट घालण्यात आलेली नाही, व ती मला मान्य आहे.’

पुढच्या आठवड्यात केतकीने सगळे कागद ज्याचे त्याला परत वाटले. लोकांनी परत मिळाल्याच्या पोचपावत्या मागितल्या. त्या दिल्या.

त्याच रांगेत एक दिवस लॉरेन्स अंकल आले. गावठाणातली चार मजली इमारत त्यांची, खालचे गाळे त्यांचे, मागच्या दहा बाय दहाच्या खोल्याही त्यांच्या. घरापासून सभागृह दीडशे पावलं. ते गाडीने आले. “सार्वत्रिक म्हणजे सगळे ना?” केतकीला विचारलं. ती हो म्हणाली. “मग मी पण सगळ्यांतलाच,” म्हणून त्यांनी खात्याचा नंबर दिला, आणि आभार मानून गेले.

त्यांच्या मागे मेरीमावशी उभी होती. वय सत्तरच्या पुढे. ती लॉरेन्स अंकलच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची आणि जन्मभर बाटली मसाला करून विकायची. हा आमच्या उपनगरांतल्या जुन्या ख्रिस्ती घरांचा मसाला. पंधरा-वीस जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या बाटल्यांत दाबून भरतात, वर्षभर पुरतो. पण आता तिचा उजवा खांदा उचलत नव्हता. कुटणं बंद, म्हणून विक्री बंद. दुपारचं जेवण शेजारीण द्यायची, रात्रीचं तिचं तीच बघायची, म्हणजे बहुतेक चहा-पाव.

ती टेबलापर्यंत आली आणि गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, “त्याला पण दोन हजार?”

“हो, मावशी.”

“मला पण दोन हजार?”

“हो.”

“मग माझ्या गरिबीचा काय उपयोग?”

केतकीने समजवायला सुरुवात केली. मावशीने तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, “तू ओळखलं नाय मला. मी ओळखलं. मी अपात्र आहे. तूच लिवलंस.” आणि निघून गेली.

दुसऱ्या क्षणी मला आठवलं. दहाएक वर्षं झाली असतील. नवरा जाऊन वर्ष झालेलं, ती निराधार अनुदानाचा अर्ज घेऊन आली होती. रेशनकार्डावर मुलाचं नाव होतं. मुलगा दुबईला. मी विचारलं, कमावतो ना? ती म्हणाली, कमावत असेल, पाच वर्षांत फोन नाही. मी म्हटलं, मावशी, नियम आहे, कमावता मुलगा असला की नाही मिळत. तिने विचारलं, “आणि पोरगा मेला असता तर?”

मी म्हटलं, “तर मिळालं असतं.”

हे मी अगदी सहज बोलले. माहिती विचारली, माहिती दिली. तिने रेशनकार्ड पिशवीत घातलं. मग कपाळ, छाती, खांदे यांना हात लावून क्रूस केला, देवाने ऐकलं तर नाही ना असा, आणि उठून गेली. मी शेरा लिहिला: मुलगा कमावता, अपात्र. पुढच्या माणसाला बोलावलं.

नोंदणीला आठ दिवस उरले होते. गावठाणात नोंदणी न झालेली ती एकटी राहिली होती. केतकी दोनदा तिच्याकडे गेली. मावशीने तिला खोकं उघडून तो जुना कागद दाखवला, प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेला. “हा खोटा आहे असं लिहून दे, मग घेते.”

केतकी म्हणाली, “मावशी, आता पात्र-अपात्र काही नसतंच. सगळेच पात्र.”

“सगळे पात्र म्हणजे कोणीच नाय. लॉरेन्सबरोबर मला मोजू नको. मी मागितलं तेव्हा मी खरी होते. तसं लिही.”

केतकी परत येऊन म्हणाली, “ताई, आपल्या फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. आणि ती भीक घेत नाही म्हणते, हक्क घेत नाही म्हणते, मग तिला हवंय काय?”

मला कळत होतं तिला काय हवंय. दुसऱ्या दिवशी मी घरून माझी जुनी फाईल, पॅड आणि गृहभेटीचा छापील नमुना घेऊन गेले. केतकीला सांगितलं, तू येऊ नकोस, तुझ्या प्रयोगात बसणारं हे नाही.

गल्लीत शिरले आणि कुणीतरी ओरडलं, “परबबाई तपासणीला आल्या!” मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. ज्या योजनेत कुणाची गरिबी तपासायची नव्हती, त्यात अख्खी गल्ली मावशीला गरीब करायला धावली. शेजारणीने तिचा टेबलफॅन उचलून नेला. एकीने बऱ्यातली चादर काढून फाटकी घातली. मावशी दारात उभी राहून ओरडत होती, “फॅन ठेव! माझा फॅन आहे, तिला बघू दे, दिवसाला अर्धा तास लावते!” फॅन परत आला. मी लिहिलं: टेबलफॅन एक.

आत दोन टोप, एक स्टोव्ह, भिंतीला मदर मेरी, पाटावर रिकाम्या धुतलेल्या बिअरच्या बाटल्या ओळीने. मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने विचारली आणि लिहिली, जशी पूर्वी लिहायचे, फक्त घाई केली नाही. साक्षीदार लागतात म्हटल्यावर चार पुढे आले. पाचवे लॉरेन्स अंकल. हात जोडून म्हणाले, “मॅडम, मी घरमालक. लिहा, बाई फार गरीब आहे. चार महिने भाडं नाही. माझ्यासारखा पुरावा दुसरा मिळणार नाही.” मी त्यांचीही सही घेतली.

मग सवयीने तोंडातून गेलं, “मुलगा?”

मावशीने माझ्याकडे बघितलं. “लिही,” म्हणाली. “आहे. दुबईला. जिवंत आहे, देवाची कृपा.”

मी लिहिलं: मुलगा आहे. त्याचा आधार नाही. खाली एक ओळ जास्तीची लिहिली, तिला वाचून दाखवली. ‘पूर्वीचा निर्णय देताना गृहभेट घेतली नव्हती. तो निर्णय चुकीचा होता.’ नाव, हुद्दा, सही. त्या कागदाला जगात कुठेही काही किंमत नव्हती. माझ्या कार्यालयाने तो मागितला नव्हता, संस्थेने मागितला नव्हता. मावशीने तो दोनदा वाचला, जुन्या कागदाच्या पिशवीत ठेवला, आणि खात्याचं पासबुक माझ्या हातात दिलं.

“मावशी, मी तेव्हा बोलले ते…”

“चहा घेतेस?” ती म्हणाली. मी घेतला.

पैसे सुरू झाले. लोक बिघडतील, दारू पितील, कामावर जाणार नाहीत अशी भीती बऱ्याच जणांना होती. पिणारे आधी जेवढे पीत तेवढेच प्यायले. एकाने दात बसवले. दोघींनी मिळून शिलाई मशीन घेतलं आणि तिसऱ्या महिन्यात भांडून मशीन दोघींच्या घरांच्या मधोमध, सार्वजनिक नळाशेजारी आणून ठेवलं. मास्तरांनी सहा महिने पैशाला हात लावला नाही, अट येईल म्हणून.

चौथ्या महिन्यात लॉरेन्स अंकलनी सगळ्या खोल्यांचं भाडं पाचशेने वाढवलं. कारण विचारलं तर म्हणाले, तुम्हाला आता मिळतात ना. केतकी हादरली. “ताई, पुस्तकात अगदी हेच लिहिलेलं असतं. आता काय?”

पुस्तकात पुढचं नसावं. लॉरेन्स अंकलच्या बायकोचा, दोन सुनांचा आणि परदेशातल्या मुलीचा वर्षभराचा मसाला मावशीच करून द्यायची. खांदा गेल्यावरही मापं, भाजणं तिचं, कुटायला दुसरी बाई. त्याचे पैसे कधी मिळालेच नाहीत, भाडं उशिरा चालवून घेतो त्यात ते आले असं समजायचं. एप्रिल आला. मिरच्या आणून टाकल्या. मावशी म्हणाली, “नाय करणार.”

आधी त्यांना वाटलं आजारी आहे. मग वाटलं रुसली. अंकल स्वतः गेले. ती म्हणाली, “भाडं घे, वाढवलेलं घे, हे बघ काढून ठेवलंय. पण मसाला नाय. आता मला ‘नाय’ बोलता येतं.”

तिचं बघून दुसरी भाडेकरू, जी त्यांच्याकडे फुकट जिना झाडायची, तीही नाही म्हणाली. मग त्यांचे कपडे फुकट करणारा इस्त्रीवाला. अंकलच्या घरी बाजारातला मसाला आला. पंधरा दिवसांनी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. शर्टाचं बटण उघडं, चेहरा उतरलेला.

“मॅडम, तुमच्या योजनेमुळे ही लोकं नाही म्हणायला लागली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. यावर काहीतरी अट घाला.”

“कसली अट?”

“हीच, की पैसे घेतले तर नाही म्हणायचं नाही.”

मी त्यांना अर्ज करायला सांगितलं. साध्या कागदावर. त्यांनी खरंच केला. तो मी वर पाठवला, वरून काही उत्तर आलं नाही. भाडं मात्र जूनमध्ये परत पहिल्यासारखं झालं. मसाल्याचं काय झालं? मावशीने केला, किलोचा भाव सांगून, आगाऊ पैसे घेऊन.

केतकीला हे सगळं अहवालात घालायचं होतं. आहार, आरोग्य, शिक्षण, बचत असे रकाने होते. ‘नाही म्हटलं’ याचा रकाना नव्हता. तिने ‘इतर’मध्ये टाकलं.

वर्ष संपलं, पैसे थांबले. मोठे अधिकारी आले, सभागृहात बैठक झाली. कौतुक झालं. एक साहेब म्हणाले, कल्पना उत्तम आहे, फक्त सगळ्यांना न देता खऱ्या गरजूंनाच द्यावी, आणि त्यासाठी योग्य ती छाननी व्हावी. केतकीने डोळे मिटले. मी टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते, आणि माझी निवृत्ती महिन्यावर होती.

देशाला असं देता येईल का, असं मला आता सोसायटीतले लोक विचारतात. पैसा कुठून आणायचा ते मला खरंच माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की गरिबी तपासायला लागते तेव्हा माणूस आपलं घर तुम्हाला दाखवतो, आणि नंतर रस्त्यात दिसला तर मान फिरवतो. मी राहते त्या मुलुंडमध्ये नाही, पण अंधेरीला उतरले की आजही माझ्याकडे बघून मान फिरवणारी माणसं आहेत.

मेरीमावशी फिरवत नाही. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा तिने विचारलं, “तुला आता पेन्शन?”

“हो.”

“दर महिन्याला?”

“हो, पहिल्या तारखेला.”

“काम काय करतेस त्याचं?”

“काही नाही. मी जिवंत आहे एवढं वर्षातून एकदा कळवायचं.”

“तुझा पोरगा कमावतो?”

“दोघंही कमावतात.”

ती इतकी हसली की ठसका लागला. मी पाणी दिलं.

आता तिने पुन्हा निराधार अनुदानाचा अर्ज केला आहे. मीच भरून दिला, कागद मीच जमवले, आणि मुलाच्या रकान्यापुढे काय लिहायचं यावर आम्ही दोघींनी एक अख्खी दुपार घालवली. माझ्या टेबलावर आता एक चुणचुणीत मुलगी बसते. तिने मला ओळखलं नाही, टोकन घ्यायला लावलं. उद्या अकरा वाजता ती मावशीकडे गृहभेटीला येणार आहे. साक्षीदार म्हणून मी हजर राहायचं आहे. मावशीने काल फोन करून बजावलंय, साडी जुनी नेस, बांगड्या घरी ठेव, आणि तोंड उघडू नकोस, तू बोललीस की शिकलेली वाटतेस.